राखाडी प्लास्टिक ते विटलेला निळा: एका कोर्सेअरच्या रंगकामाची हकिकत

जोडून पूर्ण झालेले एफ४यू-१ए कोर्सेअर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ विमानाचे मॉडेल, माझ्या कपाटावर सात महिने राखाडी प्लास्टिकच्या अवस्थेत उभे होते. १/४८ प्रमाणातले हे मॉडेल पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम २६ सेंटिमीटर भरते, आणि तरीही त्याला हात लावायचा म्हटला की माझ्या पोटात गोळा येत असे. सुटे भाग जोडताना चूक झाली तर सांधा उकलून पुन्हा चिकटवता येतो. रंगाचे तसे नाही, एकदा बिघडला की सगळी मेहनत पाण्यात गेली, अशी माझी ठाम समजूत होती. त्यातून या विमानावर नुसता रंग लावून भागणार नव्हते. उन्हाने विटलेला निळा, इंजिनाची काजळी, सांडलेल्या इंधनाचे डाग, बुटांनी घासलेले पंख हे सगळे, म्हणजे ज्याला आपण वेदरिंग म्हणतो ते, मला पहिल्यांदाच करायचे होते. ६ जानेवारीला मी एक वही घेतली, पहिल्या पानावर तारीख टाकली आणि सुरुवात केली. पुढचा मजकूर बराचसा त्या वहीतलाच आहे.

पहिले दोन आठवडे रंगाची बाटली उघडलीच नाही. दुसऱ्या महायुद्धातील कोर्सेअरची जमतील तेवढी छायाचित्रे पाहिली आणि आपले विमान नेमके कुठले व केव्हाचे हे आधी ठरवले: सॉलोमन बेटांवरच्या धावपट्टीवरून उडणारे अमेरिकी मरीन दलाचे विमान, १९४४ च्या सुरुवातीचे. हे ठरवणे वरवर किरकोळ वाटते. पण पुढचे बहुतेक निर्णय त्यातूनच सुटले. अमेरिकी नौदलाने १९४३ च्या सुरुवातीला निळ्याच्या उतरत्या छटांची रंगसंगती लागू केली होती. वर गडद समुद्री निळा, बाजूंना मध्यम निळा आणि पोटाला पांढरा. १९४४ मध्ये लढाऊ विमानांसाठी सर्वांगी चकचकीत गडद निळ्याचा हुकूम निघाला, म्हणजे माझे विमान त्याच्या आधीचे. ताऱ्याच्या राष्ट्रचिन्हाला १९४३ च्या जूनअखेरीस लाल किनार आली आणि काही महिन्यांतच ती जाऊन निळी आली, म्हणजे माझ्या विमानावर निळीच हवी. पंखांवर हे चिन्ह वरून फक्त डाव्या आणि खालून फक्त उजव्या पंखावर असते, हेही मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले. घाईत चारही जागी चिकटवण्याचा मोह होतो.

याच दोन आठवड्यांत एक लहानशी गोष्ट लक्षात आली. कोर्सेअरचे पंख दुमडतात, आणि दुमडले की बाहेरच्या भागाची खालची बाजू वरून दिसू लागते. म्हणून पोट पांढरे असले तरी पंखांच्या दुमडणाऱ्या भागाची खालची बाजू मध्यम निळी रंगवत. ही गोष्ट आधी कळली नसती तर मी सगळे पोट पांढरे करून बसले असते.

खरेदीचा भाग थोडक्यात सांगते. किटची किंमत एक माप धरली, तर प्रायमर, रंग, थिनर आणि वॉर्निश मिळून साधारण तेवढेच माप झाले. तेलरंग, एनॅमल वॉश (रेघांत भरायचा फार पातळ रंग), पिगमेंटची भुकटी, बारीक ब्रश वगैरे वेदरिंगच्या सामानाला अर्धे माप लागले, आणि ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा ब्रश) व टाकीसह कॉम्प्रेसर यांना मिळून जवळजवळ चार. शेवटची रक्कम एकदाच जाते, असे मनाला बजावले. टाकीचा कॉम्प्रेसर मात्र मुद्दाम सुचवीन. त्याच्याशिवाय हवेचा दाब ठेक्यात वरखाली होतो आणि बारीक रेघ मारताना ते ठेके मॉडेलवर उमटतात.

पैशांपेक्षा पार्सलने जास्त सतावले. मी सगळे सामान एकाच यादीत मागवले होते. लॅकर, म्हणजे तीव्र द्रावकातले रंग, आणि त्यांचे थिनर ज्वलनशील असतात, वाहतुकीच्या नियमांत त्यांना यूएन १२६३ हा क्रमांक आहे आणि ते साध्या हवाई पार्सलात घेतले जात नाहीत, हे मला माहीत नव्हते. आठ दिवसांनी पहिली खोकी आली, ती उघडली तर ब्रश, टेप आणि पाण्यातले रंग. थिनर व प्रायमरचा पत्ता नाही. विचारणा केल्यावर विक्रेत्याने कळवले की तो माल वेगळा काढला असून जमिनीच्या मार्गाने येईल, आणि त्यासाठी माझ्याकडून एक अर्ज भरून हवा आहे. त्या अर्जात वापराचे कारण, एकूण मिलिलिटर आणि घेणाऱ्याची सही हवी होती. सही एका ठिकाणी राहिली म्हणून तो परत आला. दुसरे खोके पहिल्यानंतर १५ दिवसांनी, २ फेब्रुवारीला हातात पडले. तेव्हा ज्वलनशील माल वेगळ्या मागणीने आणि सर्वांत आधी मागवावा. बाकीचे सामान मागाहून आले तरी अडत नाही.

मास्कबद्दल एक वाक्य लिहिलेच पाहिजे. साधा कापडी किंवा कागदी मास्क लॅकरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचे फिल्टर असलेला मास्क लागतो, आणि तो घालूनही खिडकी उघडी हवी.

३ फेब्रुवारीला मॉडेल भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, रात्रभर वाळू दिले आणि दुसऱ्या दिवशी राखाडी प्रायमर मारला. प्रायमर रंगाला धरून ठेवतो हे खरेच, पण तो मॉडेलचे पितळही उघडे पाडतो. सात महिने मला निर्दोष वाटणाऱ्या डाव्या पंखाच्या मुळाशी केसाएवढी फट सरळ दिसू लागली. पुट्टी भरून ४००, ८०० आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरने ती घासताना शेजारची पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाची कोरलेली रेघ, बुजली, मग ती सुईने पुन्हा कोरावी लागली. यात चार दिवस गेले. जमिनीवर मांडी घालून, खिडकीच्या तिरप्या उजेडात, नखाने सांधा चाचपत घालवलेले ते चार दिवस नंतर विचार करता सगळ्या कामातले सर्वांत शांत दिवस होते, कारण अजून बिघडवण्यासारखे काही झालेलेच नव्हते.

८ फेब्रुवारीला रंग सुरू झाला तो काळ्याने. सपाट एकरंगी पृष्ठभाग लहान मॉडेलवर खेळण्यासारखा दिसतो. म्हणून सर्वांगाला काळा हात देऊन त्यावर मूळ रंगाची पातळ, नागमोडी, ढगाळ जाळी फवारायची आणि शेवटी तोच रंग फार पातळ करून सगळीकडून एकसारखा करायचा, अशी ही पद्धत आहे. खालचा काळा कुठे जास्त, कुठे कमी झिरपतो आणि एकाच निळ्यात चार निळे दिसतात. रंगाचा दाटपणा दुधासारखा असावा असे सगळीकडे वाचायला मिळते, परंतु दूध तरी कोणते? मला उपयोगी पडलेली खूण अशी, की कपाच्या आतल्या भिंतीवर ब्रशने रंग वर ओढावा. तो एकसंध पडद्यासारखा खाली उतरला आणि मागे पातळ थर राहिला तर दाटपणा बरोबर आहे. थेंब होऊन पळाला तर पातळ, जागीच बसला तर घट्ट. जाळीसाठी मी एक भाग रंगाला दोन भाग थिनर घेतले आणि दाब १२ पीएसआयवर आणला.

पांढऱ्या पोटाने माझी परीक्षा घेतली. काळ्यावर पांढरा चढता चढत नाही, म्हणून अधीर होऊन मी दाब २५ पर्यंत वाढवला आणि ब्रश लांब धरला. त्यामुळे रंग हवेतच वाळून मॉडेलवर भुकटीसारखा बसला आणि पोटावरून बोट फिरवले तर बारीक रव्यासारखे लागू लागले. मी ब्रश खाली ठेवला आणि दोन दिवस त्या खोलीत गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी २००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने सगळे घासले, तेव्हा ते मुकाट्याने गुळगुळीत झाले. त्यावर पातळ पांढऱ्याचे पाच हात, प्रत्येकी दहा मिनिटांच्या अंतराने, १५ पीएसआयने, चार बोटांच्या अंतरावरून दिले. रंग बिघडला की सगळे संपले ही माझी जुनी समजूत त्या पॉलिश पेपरच्या चिटोऱ्यावर पुसली गेली. शुद्ध पांढऱ्याऐवजी मी त्यात थोडा राखाडी मिसळला होता, कारण लहान आकाराच्या वस्तूवर खरा पांढरा डोळ्यांत खुपतो. त्याच न्यायाने पुढे दोन्ही निळ्यांतही थोडा पांढरा घातला.

निळे फवारण्याआधी एक काम उरकायचे होते. विमानतंत्रज्ञ आणि वैमानिक पंखाच्या मुळावरून चालतात, तिथला रंग घासून खालचा धातू उघडा पडतो. तो परिणाम मला हेअरस्प्रेने साधायचा होता. १४ फेब्रुवारीला पंखांच्या मुळांवर अ‍ॅल्युमिनियम लॅकर मारले, ते चोवीस तास वाळू दिले आणि त्यावर केसांना मारायच्या साध्या हेअरस्प्रेचे दोन पातळ हात दिले. वरून निळा मारून वीस मिनिटांनी तो भाग पाण्याने ओला केला, मिनिटभर थांबले आणि आखूड कापलेल्या ताठ ब्रशने हळूहळू घासायला लागले. पाणी रंगातून झिरपून खालचा हेअरस्प्रे विरघळवते आणि वरच्या निळ्याच्या खपल्या सुटतात. पहिल्या दहा-बारा फटकाऱ्यांत काहीच घडले नाही. मग एक टोकदार ठिपका निघाला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि पाहता पाहता टाचणीच्या डोक्याएवढे चंदेरी बेट तयार झाले, ज्याच्या कडा कुठल्याही ब्रशने रंगवता येणार नाहीत इतक्या वेड्यावाकड्या होत्या. इथे थांबणे फार अवघड जाते. मी स्वतःला घड्याळ लावून दर पंखाला पाच मिनिटे दिली होती.

या युक्तीतली मेख थिनरमध्ये आहे. ज्या जागी खपल्या काढायच्या आहेत तिथे अ‍ॅक्रिलिक रंग पाण्याने किंवा त्याच्याच साध्या थिनरने पातळ करावा, म्हणजे पाणी आत शिरते. तोच रंग लॅकर थिनरने पातळ केला तर तो इतका घट्ट धरतो की घासून हात दुखतात. मी पंखमुळांसाठी पहिली आणि बाकीच्या विमानासाठी दुसरी पद्धत वापरली, आणि दोन कपांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.

निळ्यांच्या सीमारेषा मऊ हव्या होत्या. टेपने त्या सुरीने कापल्यासारख्या येतात. म्हणून पोस्टर चिकटवायच्या पुट्टीच्या पेन्सिलीएवढ्या जाड वळ्या करून त्या सीमेवर ठेवल्या आणि ब्रश काटकोनात धरून फवारले. वळीच्या गोलाईखाली रंग किंचित शिरतो आणि कड धुरकट होते. कोर्सेअरच्या उलट्या गरुडपंखी वळणामुळे, म्हणजे पंख आधी खाली जाऊन मग वर उचलला जातो त्या कोनात, वळी सारखी सुटत होती. तिथे मी वळीऐवजी थेट हातानेच फवारले आणि ते जास्त चांगले दिसते. २० फेब्रुवारीला टेप काढताना शेपटीजवळ नखाएवढा मध्यम निळा टेपबरोबर उचलला गेला. त्या जागी बहुधा माझ्या बोटांचा तेलकटपणा राहिला असावा. कडा घासून, पुन्हा फवारून तो भाग बुजवला. आज मला स्वतःलाही तो शोधावा लागतो. टेप लावण्यापूर्वी तळहातावर दोनदा चिकटवून काढला की त्याचा जोर कमी होतो, हे त्या दिवसापासून मी न चुकता करते.

२२ फेब्रुवारीला चकचकीत वॉर्निश मारले आणि ४८ तास हात लावला नाही. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे चिन्हांचे पातळ चित्र, खरखरीत पृष्ठभागावर बसवले तर त्याखाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि पारदर्शक कड चंदेरी चमकते. म्हणून आधी चकाकी हवी. हे सगळे पाळूनही डाव्या बाजूच्या ताऱ्याच्या एका टोकाशी चंदेरी डाग उमटलाच. तिथे सुईने पाच-सहा भोके पाडून मऊ करणारे द्रावण लावले. दहा मिनिटांत संपूर्ण डिकल म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखे सुरकुतले आणि माझा जीव टांगणीला लागला. अशा वेळी बोट लावायचे नाही, दिवा बंद करून खोलीबाहेर जायचे. सकाळी ते पॅनेल लाइनमध्ये रंगवल्यासारखे बसले होते.

१ मार्चला मात्र मी माती खाल्ली. पंखमुळांवरच्या खपल्या इतक्या छान दिसत होत्या की मला हाव सुटली. स्पंजाचा फाटका तुकडा चिमट्यात धरून, त्यावर चंदेरी रंग घेऊन, कागदावर बहुतेक झटकून, मी इंजिनाच्या आवरणाच्या कडा ठिपकवल्या, मग बंदुकांच्या झडपा, मग थेट पंखांच्या बाहेरच्या भागाची मागची बाजू. अर्धा तास मोठ्या खुशीत गेला. मग छायाचित्राशी ताडून पाहताना जाणवले की मॉडेलवर त्या भागात खिळ्यांच्या रांगा नाहीत, नुसत्या बरगड्यांच्या उठावदार पट्ट्या आहेत. त्या असायलाच हव्यात, कारण या कोर्सेअरच्या पंखांचा बाहेरचा भाग मुख्य तुळईच्या मागे कापडाने मढवलेला असे. शेपटीचे हलणारे भाग, म्हणजे रडर आणि एलेव्हेटर, हेही कापडाचेच, तर पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे एलेरॉन प्लायवुडचे. कापडाखालून आणि लाकडाखालून मी अ‍ॅल्युमिनियम बाहेर काढत बसले होते!

पाण्यातला रंग आणि खाली लॅकर वॉर्निश, म्हणून निभावले. कानकोरणीच्या कापसाला पातळ केलेले अल्कोहोल लावून ठिपके एकेक करून पुसले. पूर्ण संध्याकाळ गेली, दोन ठिकाणी वॉर्निश धुरकटले आणि ते पुन्हा मारून आणखी दोन दिवस थांबावे लागले. त्या रात्री वहीत मी विमानाचे तीन बाजूंचे रेखाचित्र काढले आणि प्रत्येक भागावर धातू, कापड, लाकूड असे लिहिले. पुढे ज्या डागाचे कारण मला सांगता आले नाही, तो डाग केला नाही. अनेक मॉडेलांवर खपल्यांचा इतका सडा असतो की विमान भंगारातून उचलून आणल्यासारखे दिसते, आणि आपलेही तसे होण्याची वाट फार सोपी आहे हे मला त्या अर्ध्या तासाने दाखवले.

वॉशचे काम ६ मार्चला एका दिवसात झाले. एनॅमलचा पातळ वॉश पॅनेल लाइनला ब्रशच्या टोकाने टेकवला की तो केशाकर्षणाने आपोआप धावत जातो. अर्ध्या तासाने जास्तीचा रंग व्हाइट स्पिरिटने (एनॅमल व तेलरंग विरघळवणारे द्रावण) जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने पुसायचा, आणि तोही नाकाकडून शेपटीकडे, वारा वाहतो त्या दिशेने. पांढऱ्या पोटावर काळा वॉश वापरू नये. रेघा तुरुंगाच्या गजांसारख्या दिसतात. मी तिथे मध्यम राखाडी घेतला. वरच्या गडद निळ्यावर गडद वॉश दिसतच नव्हता, म्हणून हलणाऱ्या भागांच्या फटींपुरता तो ठेवून बाकी रेघांत मातकट फिकट वॉश भरला.

मग कॉकपिटपुढच्या पांढऱ्या पट्ट्या. कोर्सेअरची मुख्य इंधनटाकी, २३७ अमेरिकी गॅलनची, इंजिन आणि वैमानिक यांच्या मधोमध होती; तिला जागा देण्यासाठीच कॉकपिट सुमारे तीन फूट मागे सरकवले गेले आणि विमानाला ते लांबलचक नाक आले. या टाकीवरच्या पॅनेलांच्या फटींतून पाझरणारे इंधन समोरच्या काचेवर येऊ नये म्हणून फटींवर टेप चिकटवत, आणि कित्येक छायाचित्रांत त्या फिकट पट्ट्या ठळक दिसतात. १/४८ मध्ये त्यांची रुंदी मिलिमीटरहून थोडीच जास्त भरते. दोन्ही बाजूंनी टेप लावून त्या फवारायला तीन तास लागले, आणि मग त्यांच्या कडा मी तेलरंगाने मळवल्या, कारण ज्या ठिकाणी इंधन भरताना ते सांडते तिथे कोरी पांढरी पट्टी शोभत नाही. इंधनाचा डाग करताना तपकिरी तेलरंगाचा ठिपका झाकणाशी ठेवून तो खाली आणि मागे ओढला, वाळल्यावर त्यावर किंचित चकचकीत वॉर्निश फिरवले. इंधनाचा आणि तेलाचा ताजा डाग चमकतो, धूळ आणि काजळी चमकत नाहीत. एवढा फरक ठेवला तरी निम्मे काम होते.

मॅट वॉर्निशसाठी दमट हवा ओसरण्याची दोन दिवस वाट पाहिली, कारण ओलाव्यात ते पांढरट फुलते. ९ मार्चला ते मारले. पंखांची वरची बाजू मूळ आदेशानुसार अर्धचकचकीत होती, तिथे सॅटिन वापरले.

११ ते १७ मार्चचा आठवडा तेलरंगांचा. ट्यूबमधला रंग आदल्या रात्री पुठ्ठ्यावर काढून ठेवावा, पुठ्ठा जास्तीचे जवसाचे तेल शोषतो आणि रंग मॅट वाळतो. पांढरा, फिकट निळा आणि मातकट पिवळा यांचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके एका पॅनेलवर टाकून, जवळजवळ कोरड्या रुंद ब्रशने ते वाऱ्याच्या दिशेने पुसत गेले की उन्हाने विटलेपणा येतो. कापडाच्या भागांवर हा थर मी जास्त फिकट ठेवला, कारण छायाचित्रांत ते भाग शेजारच्या धातूपेक्षा वेगळे विटलेले दिसतात. रोज एकच भाग करायचा, दुसऱ्या दिवशी उजेडात पाहायचा आणि मगच पुढे जायचे, असा नेम ठेवला. तेलरंग तासन्तास ओला राहतो. नको वाटला तर स्पिरिटने पुसून टाकता येतो. भित्र्या माणसाने वेदरिंगला इथूनच सुरुवात करावी, असे आता वाटते.

धुराड्यांची काजळी शेवटी एअरब्रशने मारली. कोर्सेअरचे अठरा सिलिंडरचे डबल वास्प इंजिन आपला धूर आवरणाच्या खाली, दोन्ही बाजूंनी सोडते, म्हणून डाग पोटावर आणि पंखमुळाच्या खालच्या बाजूला पडतो. एक भाग तांबूस तपकिरी व काळ्याच्या मिश्रणाला नऊ भाग थिनर, दाब १० पीएसआय, आणि दहा-बारा फिरवण्यांनंतर नुकताच दिसू लागेल इतका मंद. शेवटी मध्यभागी फिकट राखाडीची एक रेघ मारली, कारण अति तापलेल्या धुराचा डाग काळा न दिसता राखेसारखा दिसतो. बंदुकांच्या मागे पंखाखाली, रिकामी काडतुसे पडतात त्या खाचांपासून, आखूड करड्या रेषा ओढल्या.

सॉलोमन बेटांवरच्या मुंडासारख्या धावपट्ट्या दळलेल्या प्रवाळाच्या होत्या आणि ती पांढुरकी धूळ सगळ्यांवर बसे. पिगमेंटची भुकटी मी टायरवर, चाकांच्या खाचांत आणि पंखमुळावर बुटांच्या वाटेपुरती ठेवली. पांढऱ्या पोटावर ती दिसणारच नव्हती. पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडा मात्र उडणाऱ्या कणांनी घासल्या जाणारच, तिथे चंदेरी पेन्सिल फिरवली. टोकांचा पिवळा पट्टा खऱ्या विमानावर चार इंची, म्हणजे इथे दोन मिलिमीटर.

२४ मार्चला मॉडेल धुण्यापासून पन्नासावा दिवस होता. वहीप्रमाणे त्यांतले २३ दिवस मी काम केले, उरलेले दिवस काही ना काही वाळत होते. संध्याकाळी कॅनोपीवरचे, म्हणजे कॉकपिटच्या काचेच्या झाकणावरचे, रंग लागू नये म्हणून चिकटवलेले मास्क काढायला बसले. हे काम सगळ्यात शेवटी करतात, आणि त्यामुळे महिनाभर आपल्याला आतले कॉकपिट दिसत नसते. टूथपिकचे टोक तिरपे कापून एकेक तुकडा कोपऱ्यातून उचलला. समोरच्या काचेच्या उजव्या चौकटीखाली निळ्याचा एक धागा आत शिरला होता. सुरी न घेता त्याच टूथपिकने, फुंकर मारत, तो खरवडून काढला. आत सीटचे पट्टे, घड्याळांच्या पांढऱ्या तबकड्या, आणि कडेच्या खिळ्यापाशी मी जोडणीच्या वेळी विसरलेला बोटाचा एक ठसा दिसला. कॅनोपी चिकटवलेली होती. ठसा तिथेच आहे.